क्लिअर कोट मारताना गनकडे नाही, ओल्या पट्ट्याकडे बघा

जुनी गाडी उभी करायला घेतली की पत्राकाम, वेल्डिंग, पुट्टी, प्रायमर, घासाघाशी यात वर्ष कधी सरतं कळत नाही, आणि मग एक दिवस बेस, म्हणजे रंगाचा थर, मारून होतो, रंग झकास बसतो आणि हातात क्लिअरची, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक चमकदार थराची, स्प्रे गन येते तेव्हा हात थरथरायला लागतो. आत्तापर्यंत काहीही चुकलं तरी घासून परत करता येत होतं, आता मात्र वाटतं की इथे चुकलो तर सगळ्या मेहनतीवर पाणी. तसं नसतं, क्लिअरसुद्धा घासता येतो, पण गंमत अशी की या भीतीनेच नवशिक्याचा क्लिअर बिघडतो. ओघळ येईल ओघळ येईल म्हणत माणूस गन लांब धरतो, हात पटपट फिरवतो, आणि क्लिअर पत्र्यावर पोचेपर्यंत हवेतच अर्धा सुकतो. माझा पहिला दरवाजा असाच झाला होता. ओघळ एकही नाही आणि चमकही नाही, हात फिरवला तर बारीक पॉलिश पेपरवर फिरवतोय असं वाटायचं.

तेव्हा चूक काय होती तर मी सगळा वेळ गनकडे बघत होतो. बघायचं असतं ते पॅनलवर आत्ता पडलेल्या ओल्या पट्ट्याकडे आणि त्यात दिसणाऱ्या दिव्याच्या प्रतिबिंबाकडे. अंतर, वेग, प्रेशर बरोबर आहे की नाही ते तो पट्टाच सांगतो. खाली जे काही लिहिलंय ती बरीचशी त्याचीच तयारी आहे, की मारायच्या वेळी डोकं दुसऱ्या कशात अडकू नये.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, या गाडीला क्लिअर हवाय का? जुन्या काळच्या बऱ्याच गाड्यांवर साधा सॉलिड रंग असायचा, रंगातच चमक, वर वेगळा क्लिअर नाही. अशी गाडी अगदी मूळ रूपात आणायची असेल तर सिंगल स्टेज पेंटच मारा, काचेसारखा क्लिअर तिच्यावर जरा नवश्रीमंत दिसतो, हे माझं मत. मेटॅलिक किंवा पर्ल बेसकोट असेल तर मात्र पर्याय नाही, बेस सुकल्यावर मॅट दिसतो, त्याला स्वतःची चमकही नसते आणि ऊन-पेट्रोल सोसायची ताकदही नसते, ते काम क्लिअरचं.

क्लिअर दोन प्रकारचे. वन-के म्हणजे हार्डनर न घालता नुसता थिनर उडून सुकणारा, आणि टू-के म्हणजे हार्डनर मिसळला की रासायनिक क्रिया होऊन कडक होणारा. गाडीच्या बाहेरच्या अंगाला टू-केच. वन-केवर पेट्रोलचा थेंब पडला की डाग पडतो, उन्हात टिकतही नाही तेवढा. छोट्या पार्टसाठी टू-केचे स्प्रे कॅनपण मिळतात ज्यात खालचं बटण दाबून हार्डनर आत सोडायचा असतो, एकदा सोडला की एक-दोन दिवसात कॅन संपवावा लागतो नाहीतर आतच गोठतो.

आता जे सांगतोय ते वगळून पुढे जाऊ नका. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते उडालेल्या धुक्यातून फुप्फुसात जातं आणि शरीराला एकदा त्याची ॲलर्जी बसली की मग अगदी थोडासा संपर्क आला तरी दम्याचा झटका येऊ शकतो, आणि ही सवय शरीर सहसा विसरत नाही. वाईट गोष्ट म्हणजे त्याचा वास येऊन सावध व्हाल असं नाही, धोक्याच्या प्रमाणात असलं तरी नाकाला कळत नाही. म्हणून तो कापडी किंवा धुळीचा मास्क इथे शून्य कामाचा. कार्ट्रिजवाला मास्क त्यापेक्षा बरा पण त्याची कार्ट्रिज कधी संपली हेही वासावरून कळणार नाही, आणि दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट चिकटतच नाही. खरं साधन म्हणजे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा फुल फेस मास्क किंवा हूड, आणि ती हवा श्वासासाठी बनवलेल्या वेगळ्या पंपाची, पेंटच्या कॉम्प्रेसरची नाही, त्यात तेलाची वाफ असू शकते. अंगावर पूर्ण सूट, हातात नायट्राईलचे ग्लव्हज, कारण कातडीवाटेही त्रास होतो. मारून झालं म्हणजे संपलं असंही नाही, धुकं पूर्ण निघून जाईपर्यंत मास्क काढायचा नाही आणि घरातलं कोणी "झालं का" म्हणत डोकावायला येणार नाही याची सोय करायची. हे सगळं जमत नसेल तर बेसपर्यंत काम स्वतः करा आणि क्लिअर बूथ (रंगकामाची हवेशीर बंद खोली) असलेल्या पेंटरकडून मारून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आगीचंही तसंच. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते, त्यामुळे कोपऱ्यातला गीझरचा गॅस, हीटर, ठिणगी पडणारा साधा एक्झॉस्ट फॅन, सगळं बंद. कॉम्प्रेसर बाहेर ठेवा.

जागेचं म्हणाल तर धूळ येते कुठून याचा विचार करा. लोक म्हणतात हवेतून, खरं तर बरीचशी धूळ तुमच्या अंगावरून, गाडीच्या फटींमधून आणि जमिनीवरून येते. आदल्या दिवशी झाडून घ्या, मारायच्या आधी नाही. फटींमध्ये, दरवाज्यांच्या कडांत, चाकांच्या कमानीत हवा मारून घ्या कारण गनची हवा तिथे लागली की सगळा कचरा उडून ओल्या क्लिअरवर बसणार. जमीन थोडी ओली केली की धूळ बसते, पण तळं करू नका, हवेत दमटपणा वाढला तर हार्डनर त्या पाण्याशी भांडतो. आयसोसायनेट आणि पाणी एकत्र आले की कार्बन डायऑक्साईड सुटतो, म्हणजे बारीक बुडबुडे, आणि चमक मरते. पाऊस कोसळतोय अशा दिवशी क्लिअर मारायचा मोह आवरा.

आणि सिलिकॉन. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे, टायरचं पॉलिश, काही ग्रीस यात सिलिकॉन असतं आणि त्याचा कण जरी पॅनलवर बसला तरी क्लिअर तिथून पळून जातो, माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा पडतो, फिशआय म्हणतात त्याला. गाडी रंगात असेपर्यंत असल्या बाटल्या त्या जागेत आणूच नका.

हवा आणि गन. क्लिअरसाठी १.३ किंवा १.४ मिमीचं नोझल बहुतेक ठिकाणी चालतं. एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबाने भरपूर हवा सोडणारी गन असेल तर एअर कॅपशी (गनच्या तोंडावरच्या टोपीशी) प्रेशर १० पीएसआयच्या आत राहतं, त्यासाठी मागून किती द्यायचं ते गनवरच छापलेलं असतं, साधारण २५ ते ३० पीएसआयच्या घरात. हे प्रेशर ट्रिगर दाबून ठेवून बघायचं, सोडून नाही, आणि शक्यतो गनपाशी गेज लावून, कारण लांब बारीक पाइपात प्रेशर बरंच गळतं. या गन हवा खूप खातात, १० ते १५ सीएफएमपर्यंत (मिनिटाला तेवढे घनफूट), छोटा कॉम्प्रेसर टपाच्या मध्यावर धापा टाकायला लागतो आणि मग तुषार जाड होतो. तुमचा छोटा असेल तर कमी हवेवर चालणारी गन घ्या किंवा पार्ट सुटे करून एकेक मारा, रिस्टोरेशनमध्ये तसेही दरवाजे, बोनेट, मडगार्ड सुटेच असतात. लाईनमध्ये पाणी अडवणारा फिल्टर हवाच, टाकीतलं पाणी आधी सोडून द्या.

मिसळताना अंदाजपंचे नको. क्लिअर आणि हार्डनरचं प्रमाण काहींत २:१, काहींत ४:१, वर थिनर काहीत १० टक्के तर काहीत अजिबात नाही. ज्या कंपनीचा क्लिअर त्याच कंपनीचा हार्डनर आणि थिनर, आणि प्रमाण डब्याच्या माहितीपत्रकावरून, रेषा असलेल्या मापाच्या कपात. "जरा जास्त हार्डनर घातला की लवकर सुकेल" हा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या, जास्त हार्डनरने कोट ठिसूळ होतो नाहीतर नरम राहतो. सुकायचा वेग बदलायचा असेल तर प्रमाण नाही, हार्डनरचा प्रकार बदलायचा, फास्ट, मीडियम, स्लो. थंडी आणि छोटं पॅनल असेल तर फास्ट, २० अंशांच्या आसपास मीडियम, २५-३०च्या वर किंवा अख्खी गाडी मारायची असेल तर स्लो. गरम दिवशी फास्ट वापरला तर वरचा पापुद्रा आधी धरतो, खाली अडकलेला थिनर नंतर वर येताना बारीक टाचणीसारखी भोकं पाडतो. हार्डनरचा डबा वापरून झाला की लगेच गच्च बंद करा, हवेतला ओलावा तो शोषतो, आणि गढूळ झालेला किंवा खडे धरलेला हार्डनर सरळ बाद. मिसळलेला माल गाळणीतून गाळूनच कपात ओता, आणि एका हाताला लागेल त्यापेक्षा थोडा जास्तच मिसळा, अर्ध्या टपावर कप रिकामा होणं यासारखी चिडचिड दुसरी नाही.

बेस नीट सुकलाय का बघा. पूर्ण मॅट दिसायला हवा, कुठेही ओली चमक नको, साधारण १५ ते ३० मिनिटं, गारठा असेल तर जास्त. घाईत क्लिअर मारला तर बेसमधला थिनर आत कोंडतो. पण उलटंही आहे, बेस मारून दोन दिवस कौतुकाने बघत बसलात तर क्लिअर त्याला धरत नाही. बहुतेक बेसची मुदत २४ तासांच्या आतली असते, ती उलटली तर बेस हलका घासून वरून परत एक हात बेसचा, मग क्लिअर. मेटॅलिक बेस घासून त्यावर थेट क्लिअर कधीच नको, घासलेले ठिपके क्लिअरखाली लख्ख दिसतात. क्लिअर काही झाकत नाही हे लक्षात ठेवा, तो उलट भिंग लावल्यासारखं सगळं दाखवतो, बेसमधले ढग, पुट्टीची कड, घासल्याचे ओरखडे, सगळं. आणि जुना क्लिअर पापुद्रे सुटून निघत असेल तर त्यावर नवा मारून काहीही होत नाही, तो मुळापासून घासूनच काढावा लागतो.

शेवटी टॅक क्लॉथ, म्हणजे धूळ टिपणारं चिकट कापड, पूर्ण उघडून सैल घडी करून, वजन न देता नुसता फिरवायचा. दाबून पुसला तर त्याचा चिकटपणा बेसवर उतरतो.

आता गन भरली. पॅनलवर जायच्या आधी भिंतीवर मास्किंग पेपर लावा आणि त्यावर मारून बघा. एअर कॅप फिरवून फॅन, म्हणजे तुषाराचा पट्टा, आडवा करा, गन न हलवता ट्रिगर दाबून धरा, थेंब ओघळेपर्यंत. सगळ्या लांबीभर ओघळ सारखे आले तर गन ठीक. मध्येच जास्त आले तर माल जास्त किंवा हवा कमी, दोन्ही टोकांना जास्त आले तर हवा जास्त, एकाच बाजूला आले तर एअर कॅप किंवा नोझल कुठेतरी तुंबलंय, साफ करा. मग कॅप परत सरळ.

दिवा अशा जागी ठेवा की त्याचं प्रतिबिंब पॅनलवरून थेट तुमच्या डोळ्यात येईल, लांब ट्यूबसारखा दिवा असेल तर सगळ्यात उत्तम. तुम्ही दिव्याकडे पाठ करून उभे राहिलात तर ओला पट्टा दिसणारच नाही आणि परत तेच, अंधारात तीर. पाइप खांद्यावरून मागे टाका म्हणजे तो पॅनलला घासणार नाही. एकदा गन रिकामी धरूनच पूर्ण पॅनलवर हात फिरवून बघा, पाय कुठे अडकतो, हात कुठे पुरत नाही ते तेव्हाच कळतं.

पहिला हात. अंतर १५ ते २० सेंमी, म्हणजे अंगठा आणि करंगळी ताणून धरली की जवळपास तेवढं. गन पॅनलला काटकोनात, मनगट वळवायचं नाही, अख्खा हात, खरं तर अख्खं शरीर सरकवायचं. ट्रिगर पॅनलच्या आधी दाबायचा, पॅनल संपल्यावर सोडायचा. आधी कडा आणि हँडलखालच्या खाचा, मग सपाट भाग. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निदान अर्धा चढला पाहिजे, क्लिअरला मी पाऊणभर चढवतो.

आणि डोळे त्या पट्ट्यावर. आत्ता पडलेला क्लिअर क्षणभर बारीक दाण्यांसारखा दिसतो आणि पुढच्या काही सेकंदांत दाणे एकमेकांत मिसळून सलग होतात. ट्यूबचं प्रतिबिंब बघा. त्याची कड दातेरी, फाटकी दिसत राहिली तर सुकं पडतंय, जवळ या किंवा हळू चला. कड थोडी लाटदार पण ओली आणि सलग असेल तर तोच पहिला हात, यापेक्षा जास्त मागू नका. प्रतिबिंब पाण्यातल्यासारखं हलायला लागलं, खालच्या कडेला जाडसर पट्टी जमायला लागली, तर माल जास्त झालाय, तिथून लगेच पुढे सरका आणि परत तिथे गन नेऊ नका. नेमकं याच क्षणाला नवशिक्या काय करतो तर "इथे जरा राहिलं वाटतं" म्हणून परत एक झटका मारतो आणि ओघळ तिथेच येतो. राहिलेलं दुसऱ्या हातात भरून निघतं.

मग थांबा. १० ते १५ मिनिटं, पत्रकात लिहिलं असेल तेवढं, मोबाईलवर टायमर लावून, कारण त्या मास्कमध्ये पाच मिनिटंही अर्ध्या तासासारखी वाटतात. पॅनलला हात न लावता बाजूच्या टेपवर पडलेल्या क्लिअरला ग्लव्हजचं बोट टेकवा. चिकट लागलं पण बोट उचलताना तार निघाली नाही तर दुसरा हात मारायला हरकत नाही. तार निघाली तर अजून थांबा.

दुसरा हात हा चमकेचा. थोडं जवळ, थोडं हळू, आणि यावेळी ट्यूबचं प्रतिबिंब जवळजवळ सरळ रेषेत यायला पाहिजे. थोडी ओघळाच्या काठावर चालल्यासारखी भावना येते, यायलाच हवी. हा अंदाज वाचून येत नाही, म्हणून भंगारातलं एखादं बोनेट उभं करून त्यावर आधी मारा आणि मुद्दाम ओघळ आणून बघा. किती माल झाला की ओघळतो हे एकदा डोळ्यांनी बघितलं की भीती निम्मी होते. आडवं ठेवून सराव केलात तर फुकट, आडव्यावर सगळ्यांचंच छान येतं.

दोन हातांत सुकल्यावर साधारण ५० ते ६० मायक्रॉन जाडी मिळते. नंतर घासून पॉलिश करायचं पक्कं असेल तर तिसरा हात मारा. चौथा-पाचवा नको, जाड क्लिअर आतून लवकर सुकत नाही आणि पुढे तडकू शकतो.

अख्खी गाडी एकत्र मारत असाल तर टप आधी, दोन्ही बाजूंनी मध्यापासून स्वतःकडे येत, मग गाडीभोवती एका दिशेने फिरत या. जिथे सुरू केलं तिथे परत पोचेपर्यंत सुरुवातीची कड सुकलेली असणार, त्यामुळे सुरुवात आणि शेवट दोन पॅनलच्या फटीवर ठेवा. एखादंच पॅनल मारायचं असलं तरी क्लिअर पॅनलच्या मधोमध संपवायचा नाही, पुढे तिथूनच पापुद्रा उचलतो. पूर्ण पॅनल घासा, पूर्ण पॅनलवर मारा.

मारताना काही झालं तर हाताचा मोह आवरा. माशी बसली, बसू दे, चिमटा नेमका असेल तर उचला नाहीतर सुकल्यावर घासताना जाते. ओघळ आला, येऊ दे. बोटाने पुसायला गेलात तर बेसपर्यंत खड्डा. फिशआय दिसले तर जोरात माल ओतून ते भरत नाहीत, थांबा, क्लिअर थोडा धरू द्या, मग त्या जागेवर दोन-तीन अगदी हलके तुषार, आणि तरीही उरले तर सुकवून घासून परत.

संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत टेप काढायला घ्या, क्लिअर अजून नरम असतानाच, टेप स्वतःवरच मागे दुमडून हळू ओढत. पूर्ण कडक झाल्यावर ओढली तर कडेचा क्लिअर कपचे उडवत निघतो. गन मात्र टेपच्याही आधी धुवा. टू-के गनमध्ये गोठला तर ती गन पुढे पेपरवेट म्हणून वापरा.

सुकायला रात्रभर, गारठ्यात जास्त. दिवे लावून तापवणार असाल तर पत्रकात दिलेलं तापमान, बहुधा ६० अंशांच्या आसपास, पत्र्याचं असतं, हवेचं नाही. ओघळ आतून उशिरा सुकतो, त्याला दोन-तीन दिवस द्या, मग कडक ठोकळ्यावर १००० नंबरचा पेपर लावून फक्त ओघळाचाच उंचवटा उतरवा, आजूबाजूला टेप लावून. बाकी धुळीचे कण आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत १५०० ने पाण्यात घासा, मग २०००, मग ३०००, आणि मग कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, मशीनने. कडा आणि बॉडी लाईनवर टेप लावून ठेवा, तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि मशीन एका झटक्यात बेसपर्यंत जातं. आणि सगळंच घासून आरसा करायचा अट्टाहास कशाला, क्लिअरमध्येच ऊन अडवणारं रसायन असतं, जितका घासाल तितकं संरक्षण कमी. कारखान्यातून आलेल्या गाडीवरही थोडा पोत असतोच.

वॅक्स लगेच चोपडू नका, आतला थिनर अजून आठवडे बाहेर पडत असतो. बॅज, बीडिंग आणि दरवाज्याचे रबर बसवायची घाईही तशीच महागात पडते, मी एकदा तिसऱ्याच दिवशी टेललाईट घट्ट आवळली आणि तिच्या गॅस्केटचा ठसा क्लिअरमध्ये असा उमटला की तो अजूनही तिथेच आहे, लाईट काढल्याशिवाय दिसत नाही एवढंच.